जर्नलमधला खोटा आकडा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



एकदा एस.टी.च्या प्रवासात शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवते." आजोबा किंचित खिडकीकडे सरकले. "विकृती" या शब्दाला आपल्याकडे भलताच वास आहे! मग मी म्हटलं, "म्हणजे पॅथॉलॉजी." तसे ते पुन्हा जागेवर आले. "असं होय, म्हणजे रक्त-लघवी तपासता!"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण आज मला रक्त-लघवीच्या अलीकडचं आणि पलीकडचं थोडं सांगायचं आहे. डॉक्टर होताना दोन विषय पाठोपाठ शिकावे लागतात. पहिला शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे फिजिऑलॉजी. शरीर नीट चालतं तेव्हा ते कसं चालतं, हे तो सांगतो. दुसरा पॅथॉलॉजी. ते बिघडतं तेव्हा काय होतं, हे तो सांगतो. आपण भेटल्यावर विचारतो, "प्रकृती कशी आहे?" त्या प्रकृतीचा अभ्यास पहिल्यात आणि विकृतीचा दुसऱ्यात. एका लहानशा कॉलेजात मी हे विषय कसे शिकले आणि त्या शिकण्यात मी केलेली एक लबाडी, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

1990 च्या सुमाराची गोष्ट. मी मूळची वरुडकडची. संत्र्याच्या बागांचा भाग. बारावीपर्यंतचं शिक्षण तिथेच झालं आणि घरापासून पुष्कळ लांबच्या एका मेडिकल कॉलेजात मला प्रवेश मिळाला. त्या कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते तेव्हा कुठल्याही कॉलेजात घडू शकलं असतं. पन्नास विद्यार्थी, त्यात आम्ही अकरा मुली. इमारतीला गिलावा पुरता झाला नव्हता. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असायच्या. पाहणीची समिती येणार म्हटलं की चार दिवस कधी न पाहिलेले चेहरे खुर्च्यांवर दिसायचे आणि पाचव्या दिवशी नाहीसे व्हायचे. सूक्ष्मदर्शक होते, पण एका डोळ्याने पाहायचे, आरशाचे. त्या आरशात खिडकीतला उजेड पकडावा लागे. त्यामुळे हिस्टॉलॉजीचं प्रात्यक्षिक सकाळी, ऊन असेल तेव्हा. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की पेशीही अंधारात जायच्या.

पण लहान कॉलेजचा एक फायदा असतो. तिथे विद्यार्थी लपू शकत नाही. अडीचशे जणांच्या वर्गात एखादा वर्षभर भिंतीला टेकून बसला तरी चालून जातं. पन्नास जणांत नावानिशी ओळख असते. निदान असायला हवी.

तेव्हा एम.बी.बी.एस.चं पहिलं वर्ष दीड वर्षाचं असे. फिजिऑलॉजीच्या प्रात्यक्षिकांत बेडकाच्या पायाचा स्नायू विजेच्या हलक्या झटक्याने आखडायचा आणि त्याची रेघ काजळी धरलेल्या कागदावर उमटायची. कागद रॉकेलच्या ज्योतीवर काळा करायचा, ड्रमला गुंडाळायचा, रेघ उमटली की ती पुसू नये म्हणून लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवायचा. अंगभर काजळी. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 मध्ये बनवलेलं हे यंत्र आम्ही जवळजवळ दीडशे वर्षांनी वापरत होतो. आता विद्यार्थी हे प्रयोग संगणकावर पाहतात. बेडूक सुटले, हे चांगलंच झालं.

बाकीचे प्रयोग मात्र स्वतःवर. आपलाच रक्तदाब, आपलीच नाडी, आपलंच रक्त. मैत्रिणीने माझ्या दंडाला पट्टा बांधायचा, मी तिच्या. नाडीच्या प्रात्यक्षिकात माझे ठोके स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला 104 भरले. आमचे ट्यूटर म्हणाले, "घाबरलीस का गं?" सगळे हसले, मीही हसले. जर्नलमध्ये 104 लिहिलं आणि पुढे शेरा लिहिला, "भीतीमुळे".

मग हिमोग्लोबिनचं प्रात्यक्षिक आलं. पद्धत साहलीची. एका काचेच्या नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल खालच्या खुणेपर्यंत घ्यायचं. बोटाला टोचून वीस घनमिलिमीटर रक्त बारीक पिपेटने ओढायचं आणि त्या आम्लात सोडायचं. दहा मिनिटं थांबायचं. लाल रक्त तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत त्याचा रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. दर शंभर मिलिलिटर रक्तात तितके ग्रॅम हिमोग्लोबिन.

माझा आकडा आला 7.6.

फळ्यावर लिहिलं होतं, "स्त्रियांमध्ये 12 ते 15". ट्यूटरांनी माझी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "बोट पिळलंस ना? बोट पिळलं की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. पुन्हा कर." त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. तसं होतं खरं. मी दुसऱ्या बोटाला टोचलं. अजिबात पिळलं नाही. आकडा आला 7.8. आता तास संपत आला होता. ट्यूटर दुसऱ्या टेबलावर होते. प्रात्यक्षिकाला गुण होते. शेजारच्या मैत्रिणीचा आकडा होता 12.6. मी माझ्या जर्नलमध्ये लिहिलं, 12.4. अगदी तिचाच आकडा नको, म्हणून दोन दशांश कमी. जर्नलवर सही झाली. "छान" असा शेराही मिळाला.

मला तेव्हा मनापासून वाटलं होतं, की माझा हात चुकतो आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी, इंग्रजीची भीती, पिपेट पहिल्यांदाच हातात धरलेली. पुस्तकातला आकडा खरा आणि आपला खोटा, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

पुस्तकावरून आठवलं. आमचं फिजिऑलॉजीचं पुस्तक होतं गायटन. जगभरचे विद्यार्थी आजही ते वाचतात. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचत असे. दिवसाला चार पानं झाली तरी धन्य वाटायचं. खूप वर्षांनी मला या लेखकाची हकीकत कळली. आर्थर गायटन यांना शल्यचिकित्सक व्हायचं होतं. 1946 मध्ये बॉस्टनला प्रशिक्षण चालू असताना त्यांना पोलिओ झाला. त्यातून त्यांना कायमचा अधूपणा आला. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, ऑक्सफर्ड या आपल्या छोट्या गावी परतले आणि तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. ते कॉलेजही लहानच. पूर्ण पदवीसुद्धा तिथे मिळत नसे, फक्त पहिली दोन वर्षं शिकवली जात. हाताशी असलेली पुस्तकं मुलांना समजतील असं त्यांना वाटेना, म्हणून ते स्वतः टिपणं काढून मुलांना देत. त्या टिपणांचं 1956 मध्ये पुस्तक झालं. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या पुस्तकापुढे मी स्वतःला खोटं ठरवलं, ते माझ्यासारख्याच एका आडबाजूच्या कॉलेजातल्या मुलांसाठी लिहिलं गेलं होतं!

दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी सुरू झालं. आमचे सर साठीकडे झुकलेले होते. विभागात ते, एक सहायक आणि बाटल्या धुणारे एक मामा, एवढाच लवाजमा. संग्रहालयात फॉर्मालिनच्या बरण्या मोजून चाळीस. पण शस्त्रक्रियेत काढलेला एखादा अवयव आला, की स्वतः सर्जन तो घेऊन आमच्या विभागात यायचे. सर कात्री चालवायचे, सर्जन वाकून पाहायचे, आम्ही दहा जण त्या दोघांच्या खांद्यांवरून पाहायचो. मोठ्या रुग्णालयात तो अवयव क्रमांक होऊन येतो. इथे तो कोणाचा, तिला किती मुलं, ती आज जेवली का, हे सगळं त्या बरणीबरोबर यायचं.

रक्ताच्या काचपट्टीचं प्रात्यक्षिक होतं. काचेवर रक्ताचा थेंब पातळ पसरायचा, लीशमनचं रंगद्रव्य टाकायचं, धुवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पुन्हा आपलंच रक्त. चांगली पट्टी बनली की सर स्वतः येऊन पाहत. माझी पट्टी छान झाली होती. सरांनी डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "ही पट्टी कोणाची?"

"माझी, सर."

"तुझी म्हणजे तू केलेली, की तुझ्या रक्ताची?"

"दोन्ही, सर."

त्यांनी मला पाहायला सांगितलं. निरोगी तांबडी पेशी कशी दिसते? भरलेल्या बशीसारखी, मध्यभागी थोडी फिकट. माझ्या पेशी लहान होत्या आणि इतक्या फिकट, की नुसती कड तेवढी दिसत होती. रिकाम्या बांगड्या विखुराव्यात तशा. सर म्हणाले, "आता पांढऱ्या पेशी मोज." मी शंभर मोजल्या. त्यांत नारिंगी दाणे भरलेल्या, इओसिनोफिल नावाच्या पेशी अठरा निघाल्या. असतात एक ते सहा. सरांनी एवढंच विचारलं, "घरी शेत ओलिताचं आहे का? अनवाणी जायचीस?"

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच शौचाचा नमुना तपासला आणि त्यात अंडी पाहिली. लंबगोल, पातळ पारदर्शक कवचाची, आत चार पेशींची गुठळी. अंकुशकृमीची अंडी. हुकवर्म.

या जंताचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. उघड्यावर शौच केलं की अंडी ओलसर, सावलीतल्या मातीत पडतात. संत्र्याच्या बागेतल्या मातीसारखी माती त्यांना फार मानवते. अंड्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. बोटांच्या बेचक्यांत जरा खाज सुटते, बस्स. तिथून रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून वर घशात, गिळल्या की लहान आतड्यात. तिथे आतड्याला चिकटून रक्त पितात. अळी कातडीतून शिरते हे आर्थर लूस या शास्त्रज्ञाला 1890 च्या दशकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये अपघाताने कळलं. अळ्यांचं पाणी त्याच्या हातावर सांडलं आणि पुढे त्याच्याच शौचात अंडी सापडली. त्याआधी 1880 च्या सुमाराला आल्प्स पर्वतातला गॉटहार्डचा बोगदा खणणारे मजूर याच जंताने पांढरेफटक पडले होते.

सरांनी मला फळ्यावर गणित करायला लावलं. या जंताच्या एका जातीचा एक जंत दिवसाला सुमारे 0.2 मिलिलिटर रक्त घालवतो. पंचवीस जंत धरले तर 5 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. रोज. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे रोज जाणार अडीच मिलिग्रॅम. आणि जेवणातून शरीर दिवसाला शोषून घेतं जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. "वाण्याच्या वहीत हा हिशोब मांडला असता, तर कधीच दिवाळं निघालं असतं," सर म्हणाले. "तुझं निघालं नाही, कारण हे सावकाश झालं. शरीराने जुळवून घेतलं."

कसं जुळवून घेतलं, ते मी वर्षभर आधी फिजिऑलॉजीत शिकले होते. रक्त पातळ झालं, तर हृदय ते अधिक वेळा फिरवतं. तांबडी पेशी आपल्याजवळचा प्राणवायू अधिक सहज सोडून देते. परीक्षेत मी या उत्तराला चांगले गुण मिळवले होते. पण मिनिटाला 104 ठोके हे ते उत्तर होतं, आणि मी त्यापुढे "भीतीमुळे" असं लिहून मोकळी झाले होते! फिजिऑलॉजी आणि पॅथॉलॉजी हे दोन विषय नाहीत, एकाच गोष्टीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सरांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "गेल्या वर्षी हिमोग्लोबिन काढलं असशील ना? किती आलं होतं?"

मी रडायला लागले. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "जर्नल घेऊन ये." मी होस्टेलवरून जर्नल आणलं. ते म्हणाले, "12.4 वर एक रेघ मार. एकच. गिरवू नको, खोडू नको, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरे दोन्ही आकडे लिही. खाली सही कर आणि आजची तारीख घाल." मी तसं केलं. मग म्हणाले, "तू खोटा आकडा लिहिलास, तो तुझ्या रक्ताचा होता म्हणून फक्त तुझं नुकसान झालं. उद्या तू दुसऱ्याच्या रक्ताचा आकडा लिहिणार आहेस."

माझ्यावर उपचार सुरू झाले. जंताचं औषध, लोहाच्या गोळ्या, जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहाने लोह शोषलं जात नाही. आठवड्याभराने सरांनी मला नव्याने तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी रंगवून मोजायला शिकवलं. त्या भरभर वाढल्या होत्या. माझ्या हाडांतल्या मगजाला इतकी वर्षं कच्चा माल मिळत नव्हता. तो मिळताच कारखाना रात्रंदिवस सुरू झाला, आणि तो सुरू झालेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. तीन महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन 11.8 झालं. जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही, हे मला नवीन होतं. सगळ्यांनाच थांबावं लागतं, असं मी समजत होते.

दिवाळीला घरी निघाले तेव्हा सरांनी एका लाकडी पेटीत साहलीचं साहित्य घालून दिलं. म्हणाले, "आईचं पाहून ये."

माझी आई चार भावंडांची आई. बागेत काम, घरात काम. दुपारी कधी ओसरीवर जरा टेकली, की आजी, म्हणजे तिची सासू, म्हणायची, "आयशी हाये." आमच्याकडे आळशीला आयशी म्हणतात. आईही कधी उलटून बोलली नाही. तिलाही ते पटलेलं असावं. तिची खालची पापणी ओढून पाहिली, आत कागदासारखी पांढरी. बोटाला टोचलं. दहा मिनिटं थांबले. पाणी घालायला सुरुवात केली, तर दोन-चार थेंबांतच रंग जुळला. 5.9.

तिला मी समजेल असं सांगितलं. रक्तात इतकं असायला हवं, तुझ्यात निम्मंच आहे. निम्म्या रक्तावर तू ही सगळी कामं करतेस. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आजी आत गेलीय असं पाहून हळूच म्हणाली, "मंग मी आयशी नव्हती तं."

श्रोते हो, पुढे तिला सरकारी दवाखान्यात औषधं मिळाली, ती सुधारली, आजीनेही गोळ्या घेतल्या. पण ते वाक्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. आपल्याकडे बाईच्या सोशिकपणाचं फार कौतुक. त्या सोशिकपणाचा बराचसा भाग म्हणजे तिच्या हृदयाने वर्षानुवर्षं, बिनपगारी केलेलं जादा काम असतं.

आपल्या भाषेत एक घोटाळा आहे. "नॉर्मल" या शब्दाला आपण "सामान्य" म्हणतो आणि जे सगळीकडे आढळतं त्यालाही "सामान्य"च म्हणतो. आमच्या गावात थकलेली बाई ही सामान्य गोष्ट होती, म्हणून ती नॉर्मल ठरली. उलट फळ्यावर 12 ते 15 लिहिलेलं होतं, म्हणून माझा 7.6 ही हाताची चूक ठरली. दोन्ही वेळा खरा आजार मधल्या मध्ये निसटला. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात 54 टक्के. म्हणजे वर्गात अकरा मुली असतील, तर पाच-सहा जणींचा आकडा बाराच्या खाली यायला हवा. आमच्या वर्गात सगळ्या अकराही जणींच्या जर्नलमध्ये बारापेक्षा वरचे आकडे होते. खोटं लिहिणारी मी एकटी नसेन.

पुढे मी पॅथॉलॉजीतच एम.डी. केलं आणि दुसऱ्या एका लहान कॉलेजात शिकवू लागले. साधारण 2006 ची गोष्ट. प्रात्यक्षिकात गडचिरोलीकडच्या एका मुलाचा आकडा आला 8.4. आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून निघालं, "पुन्हा कर." सवय किती खोलवर असते पाहा! तो निमूटपणे वळला. त्याची पाठ पाहिली आणि मला माझी मीच दिसले. मी त्याला थांबवलं. म्हटलं, "पुन्हा करायचं आहे, पण तुझं चुकलं म्हणून नाही. या वेळी मी करते, तू पाहा."

आकडा तोच आला. हा मुलगा महिन्यातून दोन-चार दिवस सांधे दुखतात म्हणून गैरहजर राहायचा. मी स्वतः त्याच्या नावापुढे "कामचुकार" अशी मनातल्या मनात नोंद केली होती. त्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन त्यात प्राणवायू शोषून घेणारं रसायन मिसळलं आणि वरची काच व्हॅसलिनने बंद केली. अर्ध्या तासाने पाहिलं तर गोल पेशी वाकून विळ्यासारख्या झाल्या होत्या. सिकलसेल. विदर्भात, त्यातही आदिवासी आणि काही दलित समाजांत, हा आनुवंशिक दोष बराच आढळतो. हिमोग्लोबिनच्या लांब साखळीत एकच दुवा बदललेला असतो. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. प्राणवायू कमी झाला की पेशी वाकते, वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

नुसत्या या चाचणीवरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं. ते त्याने करून घेतलं. निकाल मी त्याला एकट्याला, दार लावून सांगितला. वर्गात नाही. कारण गावाकडे अशा निकालावरून लग्नं मोडतात, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याने उपचार घेतले. आज तो डॉक्टर आहे, याहून अधिक त्याच्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही.

त्या दिवसापासून माझ्या प्रात्यक्षिकाचे दोन नियम आहेत. पहिला, आलेला आकडा आधी शाईने लिहायचा, मग माझ्याकडे यायचं. दुसरा, वेगळा आकडा आला म्हणून गुण कमी होणार नाहीत, पण शेजाऱ्याशी जुळणारा आकडा आला तर मी दोघांना प्रश्न विचारीन. पहिल्याच वर्षी मुलींचे आकडे 9, 10, 8.8 असे यायला लागले. होस्टेलच्या मेसमधल्या जेवणाची चर्चा त्यावरून सुरू झाली आणि ताटात पालेभाजी नि लिंबू आलं.

आता काळ बदलला आहे. देशात सातशेहून अधिक मेडिकल कॉलेजं झाली आहेत, डॉक्टरकीच्या जागा लाखाच्या वर गेल्या आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत नवी कॉलेजं निघत आहेत आणि शिक्षकांची वानवा हे त्यांचं जुनंच दुखणं आहे. ते मी नाकारणार नाही. ज्या कॉलेजात शिकवणाराच नाही, तिथे लहानपणाचं कौतुक करण्यात अर्थ नाही. शाळांमधून 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिवस पाळला जातो. 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. रक्त तपासायला यंत्र आलं आहे. एका मिनिटात वीस आकडे छापून येतात आणि कमी असेल त्यापुढे खूणही असते. यंत्र "बोट पिळलंस का" असं विचारत नाही, हे चांगलं आहे. पण "अनवाणी जायचीस का" हेही ते विचारत नाही. ते विचारायला समोर माणूस लागतो, आणि त्या माणसाला समोरच्याचं नाव ठाऊक असावं लागतं.

नव्याने या विषयांकडे वळणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. कॉलेज लहान मिळालं म्हणून हिरमुसू नका. पुस्तक तेच असतं, आणि शरीरही तेच. स्वतःच्या बोटाला टोचाल तेव्हा जो आकडा येईल तो लिहा. तो पुस्तकाशी जुळला नाही, तर शिकण्याची खरी सुरुवात तिथून होते.

आणि घरोघरच्या श्रोत्यांना एक विनंती. घरात कोणी सारखं थकत असेल, तर तिला नावं ठेवण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. माझं ते जर्नल अजून माझ्याजवळ आहे. 12.4 वर एक रेघ आहे, शेजारी 7.6 आणि 7.8. वहीच्या शेवटच्या पानावर मी नंतर आणखी एक आकडा लिहून ठेवला आहे. 5.9. त्यापुढे नाव नाही. मात्र मी शेरा लिहिला आहे : आळशी नव्हती.